मागची बाई

वारलूभाऊ कोणाच्याही पुढं चालत नसे. कोणाच्याही म्हणजे कोणाच्याही. लग्नाची वरात असो, शाळेची प्रभातफेरी असो की मयत असो, हा सगळ्यांत शेवटी. मयतीत समजू शकतं, तिथं पुढं जायची कोणालाच घाई नसते. पण पंगतीतसुद्धा हा शेवटच्या पानावर बसायचा आणि बादलीच्या तळाला जे काही उरलं असेल ते भातात कालवून खायचा. "व्हा तुम्ही समोर, मी हावो मागं," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

एकदा चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, जायला मोटारीत चढताना त्यानं अख्खं गाव पुढं घातलं. शेवटी एक म्हातारी आली, तिला चढवलं, तिचं बोचकं चढवलं, तिची कोंबडी चढवली आणि मोटार सुटली. वारलूभाऊ खालीच! कंडक्टर खिडकीतून शिव्या घालतोय आणि हा धुळीत उभा राहून हात हलवत ओरडतोय, "जा जी, जा, आलोच मी मागून!" चांदा काही शेजारच्या गल्लीत नव्हतं. पण पठ्ठ्या खरंच चालू लागला. पुढच्या गावाहून एका बैलगाडीवाल्यानं त्याला परत आणून सोडलं, तेही गाडीच्या मागच्या टोकाला पाय लोंबकळवून.

सिंदेवाहीला आमच्या घरासमोरच त्याचं घर. बगळ्यासारख्या लांब टांगा, गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला दुपट्टा. एवढ्या लांब टांगांच्या माणसानं सगळ्यांच्या मागं राहायचं म्हणजे त्याला पावलं मोजूनमापून टाकावी लागत. आम्ही पोरी मुद्दाम हळू चालायचो, तर तो आमच्याहून हळू. आम्ही थांबलो की तो झाडाकडं बघत उभा. आम्हाला हसू आवरायचं नाही.

आता गंमत बघा, हाच वारलूभाऊ शंकरपटाचा मोठा जाणकार होता. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आमच्या झाडीपट्टीचा जीव की प्राण. निकालाची झेंडी वारलूभाऊच्या हातात. त्यानं झेंडी पाडली की भांडणं मिटली, इतका त्याच्यावर विश्वास. जिंकलेल्या जोडीवर गुलाल उधळून गाव नाचायचं, आणि हा कुठं? हरलेल्या बैलांच्या तोंडाशी गुळाचा खडा धरून उभा. "जितल्याले सारेच चारतेत," म्हणायचा. "हारला तो का उपाशी ठेवा लागते का?"

त्या काळी आमच्याकडं नवरा-बायको बाजाराला निघाले की नवरा पुढं, बायको मागं, आणि मधून एक बैलगाडी आडवी जाईल इतकं अंतर. माझे बाबा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर, चार बुकं शिकलेले, पण तेही त्यातलेच. माझ्या आईनं निम्मा संसार बाबांच्या पाठीकडं बघून केला. "अवो, मीठ घेतलं का?" असं ती पाठीला विचारायची आणि पाठ मान हलवायची. वारलूभाऊची बायको सीताबाई मी लहान असतानाच गेली. मला तिचं हिरवं लुगडं तेवढं आठवतं. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून तो एकटा, आणि तेव्हापासूनच मागं. पण या दोन गोष्टी एकमेकींना जोडाव्यात एवढी अक्कल मला तेव्हा नव्हती.

मी चौदा-पंधरा वर्षांची असेन. पटाच्या दिवसांत राजुऱ्याच्या यासीनभाईचा तंबूतला सिनेमा गावात आला. दिवेलागणीला खेळ सुरू व्हायचा. आधी समाचाराचं रीळ, मग पिक्चर. समाचाराच्या वेळी लोक बिड्या पेटवायचे, पोरांना मुतवून आणायचे. तो कोणी बघत नसे. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गावात बोंब झाली की वारलूभाऊ रोज तिकीट काढतो, फक्त समाचार बघतो, आणि पिक्चर सुरू झालं की उठून घरी जातो!

समाचारात काय होतं? विलायतेकडं कुठंतरी देशोदेशीच्या खेळाडूंचे मोठे सामने झाले होते, त्यातली बायकांची शर्यत होती. "महिलाओं की आठ सौ मीटर दौड़!" असा आतून खणखणीत आवाज यायचा आणि आखूड चड्ड्या घातलेल्या उंचपुऱ्या गोऱ्या बायका धावत सुटायच्या.

झालं! गावाला आणखी काय पाहिजे? "म्हातारपणी मांड्या पाहून राह्यला," असं पानठेल्यावर सुरू झालं. आमचे हेडमास्तर तर म्हणाले, "एक तर बायकांच्या देहाला अर्धा मैल धावणं झेपत नाही असं मोठमोठे डॉक्टर सांगतात, त्यात हा विधुर रोज जाऊन बसतो, शोभतं का?" आईनं ऐकलं मात्र, म्हणाली, "त्या डॉक्टरले म्हणा, उन्हाळ्यात आमच्या विहिरीवर या अन् दोन गुंड भरून पाणी डोक्यावर घेऊन दवाखान्यापर्यंत चालून दाखवा." हेडमास्तर बाबांचे मित्र, म्हणून ती एवढ्यावर थांबली.

मला मात्र राहवेना. एका संध्याकाळी आईच्या पदराला धरून मी तंबूत गेले आणि पडद्याऐवजी वारलूभाऊकडंच बघत बसले. तो अर्थातच सर्वांत मागं, यासीनभाईच्या मशिनीजवळ. शर्यत सुरू झाली. बायका घोळक्यानं मैदानाला वळसा घालत होत्या. दुसऱ्या फेरीच्या वळणावर मागच्या एकीचा पाय अडखळला आणि ती पडली. धपकन! गुडघ्यावर आली, एक हात जमिनीला टेकला, आणि तेवढ्यात चित्र पुढच्या बायकांमागं पळालं. पहिलीनं छातीनं फीत तोडली, हसली, हात वर केला. लगेच पुढची बातमी, एका मंत्र्यानं धरणाची फीत कापली.

"अन् ते मागची?" वारलूभाऊ तंबूभर ओरडला. "ते पडली ना जी! ते उठली का नाई? दाखवा ना मागची बाई!"

तंबू खदखदा हसला. कोणी शिट्टी मारली. वारलूभाऊनं दुपट्टा सावरला आणि तो बाहेर गेला. तेव्हा मला कळलं की हा बाबा रोज पैसे मोडून येतो तो त्या पडलेल्या बाईसाठी. आज तरी ती उठताना दिसेल, या आशेवर!

यासीनभाई भला माणूस. त्यानं दुसऱ्या दिवशी वारलूभाऊला बोलावून, पेटीतलं रीळ काढून उजेडात धरून दाखवलं. मीही मागून डोकावले. नखाएवढी बाई, हात टेकलेली. तिच्या खालच्या चौकटीत पुढच्या बायका. "चाचा, इतकाच हाय. पुढचं बंबईवाल्यानं कापलं," यासीनभाई म्हणाला.

वारलूभाऊ डोळे बारीक करून बघत राहिला. "हात टेकला हाये," तो म्हणाला. "हात टेकला म्हंजे उठाचं मनात हाये तिच्या. पण मागं वळून पाहाले कोणी नाई, तर कशी उठन?"

"चाचा, तिकडं हजारो लोक होते!"

"ते सारे समोरचीले पाहून राह्यले ना जी."

तिथून तो तडक पाटलाकडं गेला, आणि पटाच्या शेवटच्या दिवशी बैलांच्या आधी बायकांची अर्ध्या मैलाची शर्यत पाहिजे म्हणून हटून बसला. पाटील म्हणाला, "बाया का बैल हायेत का?" वारलूभाऊ म्हणाला, "बैलाले दोन पाय जास्त अन् घरचं काम कमी. नाई ठेवत तर दुसरा झेंडीवाला पाहा." झेंडीशिवाय पट म्हणजे डोकीच फुटायची. पाटलानं कपाळाला हात लावला आणि हो म्हटलं.

मग स्वारी आमच्या घरी. "बाई, तुमच्या मंजुळेले धावू द्या."

आई पोट धरून हसली. मी तेव्हा अंगानं चांगली भरलेली होते, म्हणजे जाडीच होते, उगाच कशाला लपवायचं! "हे पोट्टी? हे विहिरीवरून आली तर अर्धा घंटा धापा टाकते!"

"म्हणूनच तं," वारलूभाऊ गंभीरपणे म्हणाला. "समोर धावणाऱ्या लय भेटल्या. मागं कोणी तं पाह्यजे ना."

असा राग आला म्हणून सांगू! रागाच्या भरातच मी हो म्हणाले. याला दाखवतेच पहिली येऊन, असं मनात होतं.

शर्यतीची वाट अशी की पटाच्या मैदानातून निघायचं, नवरगावच्या बाजारवाटेवर नाल्याकाठी मोहाचं एक जुनं झाड आहे त्याला वळसा घालायचा आणि परत यायचं. आम्ही दहा-बारा जणी. भाताच्या रोवण्याला जाणाऱ्या बायांनी काष्टे घट्ट खोचले. कोतवालाच्या सुनेनं कडेवरचं लेकरू सासूच्या हातात दिलं आणि सांगितलं, "धरा, आलीच मी." सगळं गाव हसायला जमलं होतं. वारलूभाऊनं झेंडी मात्र यासीनभाईच्या हातात दिली. "शेवटची आल्याबिगर पाडाची नाई," तो म्हणाला. "तुमच्या बंबईवाल्यानं कापलं, तुम्ही नका कापू." आणि लांब ढांगा टाकत कुठंतरी निघून गेला.

सुटलो! पहिली येणार होते ना मी? नाल्याची उतरण लागेपर्यंत माझ्यापुढं फक्त पाठी दिसत होत्या. मोहापाशी पोचले तेव्हा बाकीच्या वळून परत निघाल्या होत्या. छाती फुटायला आलेली, आणि त्यात मेलं एक मूळ पायात आलं. मी पालथी पडले. गुडघा सोलला, बांगड्या फुटल्या, तोंडात माती. लांब मैदानात आरडाओरड झाली, कोतवालाची सून पहिली आली असणार. आता इथंच पडून राहावं, अंधार पडला की गुपचूप घरी जावं, असं मी ठरवून टाकलं. रडू तर असं फुटलं की बस!

"ऊठ, माय."

मोहाच्या बुंध्याला टेकून वारलूभाऊ बसला होता. आधीच पोचून वाट बघत बसला होता.

"नाई उठत मी! सगळ्या गेल्या!"

"जाऊ दे. मी हावो ना मागं." तो उठला, माझ्याजवळ उकिडवा बसला. माझ्या टेकलेल्या हाताकडं बघत होता. त्याचा आवाज अगदी मऊ होता. "कोणी झेंडी नाई पाडत तुह्याबिगर. घाई नाई. पण ऊठ वो माय. मले पाहाचं हाये."

मी उठले. का उठले, सांगता येत नाही. लंगडत, हुंदके देत निघाले, आणि माझ्यामागं त्याच्या वहाणांचा फटक् फटक् आवाज. मैदानात जोड्या हाकणारे धुरकरी बैल आवरत शिव्या घालत होते, "झाली ना शर्यत, सोडा जोड्या!" यासीनभाई झेंडी उंच धरून खांबासारखा उभा. मी रेषेवर पोचले तेव्हा त्यानं ती अशी खाली आणली की जणू मीच जिंकले. आणि हसायला आलेलं गाव टाळ्या वाजवत सुटलं! वारलूभाऊनं खिशातून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. बैलांचाच होता, पण मी खाल्ला.

घरी गुडघ्याला हळद लावताना मी आईला म्हटलं, "तो मोहापाशी कशाला जाऊन बसला होता गं?"

आईनं हळदीची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "सीताबाई तिथीच गेली. नवरगावच्या बाजारातून दोघं येत होते. त्याच्या टांगा लांब, तो आपला समोर. तिले उन्हाचं काय झालं कोणाले ठावं, मोहाखाली बसली. हाक मारली असन, नसन. हा घरी आला, पाय धुतले, अन् म्हणाला, पाणी दे वो. मागं पाह्यलं तं कोणीच नाई. पळत गेला बिचारा. तवापर्यंत सारं होऊन गेलं होतं." तिनं हळदीचा हात पदराला पुसला. "तिचा हात जमिनीले टेकला होता म्हणते. म्हणून त्याले वाटते, उठाची असन ते."

एवढं हसलो होतो आम्ही त्याला! आणि बाबा, जे दारात उभे होते, ते आत गेले. पुढच्या बाजाराला मात्र ते आईच्या शेजारून चालले. सगळं गाव बघत होतं आणि आई लाजून लाल झाली होती.

शर्यतीच्याच दिवशी संध्याकाळी तंबूचा शेवटचा खेळ होता. गुडघा दुखत होता, तरी मी आईला घेऊन गेलेच. समाचार लागला. खणखणीत आवाज, चड्डीवाल्या बायका, वळण. मागची पडली. हात टेकला. सगळा तंबू माना वळवून मागं बघू लागला, आता ओरडतो की नाही म्हणून. मंत्र्यानं फीत कापली.

वारलूभाऊ शांत होता. मशिनीच्या उजेडात त्याचं तोंड दिसत होतं, लग्नघरातल्या माणसासारखं.

यासीनभाईनंच विचारलं, "क्यों चाचा, आज नाई विचारत मागच्या बाईचं?"

"उठली जी ते," वारलूभाऊ म्हणाला. "मी सोता पाह्यलं."

आणि पिक्चर सुरू झालं तरी तो घरी गेला नाही.