लख्ख तसराळं

जगातली कुठलीही वस्तू घासली की सुधारते, असं लख्खकाकांचं ठाम मत होतं. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात, पॉलिश खात्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी हात फिरवलेल्या ताटात बघून माणसं भांग पाडत, म्हणून हे नाव त्यांना तिथेच चिकटलं. निवृत्त झाल्यावर ते दाराच्या कड्या, नळ, सायकलची घंटा, जे सापडेल ते घासत सुटले. काकूंनी वेळेवर चष्मा काढून घेतला नसता, तर काचांचा नंबरही उतरला असता.

बागेची कल्पना काकूंची. डॉक्टरांनी काकांची सिगारेट बंद केली, तेव्हा रिकाम्या हाताला चाळा हवा म्हणून त्यांनी मागची बाग पाखरं, फुलपाखरं आणि बेडकांना मोकळी सोडायचं ठरवलं. गवत वाढू दिलं, कोपऱ्यात वाळक्या लाकडांची रास रचली, औषध फवारणं बंद केलं.

"आणि एक सांगून ठेवते," काकू म्हणाल्या होत्या, "पुन्हा सिगारेट ओढलीत, तर मी बॅग भरून लेकीकडे जाईन. तुम्हाला तसं खोकताना बघायची ताकद नाही माझ्यात."

काकांनी तिथल्या तिथे शपथ घेतली. आणि नवल म्हणजे पाळलीसुद्धा.

राहिलं होतं पाखरांच्या आंघोळीचं भांडं. ते निवडायला दोघं नर्सरीत गेले. नर्सरीवाल्याने मातीचं एक उथळ, खरबरीत भांडं पुढे केलं.

"हे न्या. पाखरांचे पाय घसरत नाहीत. बोटभर पाणी घालायचं, बस."

काकांनी कडेवरून बोट फिरवलं आणि नाक मुरडलं. "याला फिनिश नाही."

"पाखरांना फिनिश नको असतं, काका."

"तुम्ही विचारलंय त्यांना?"

झालं. घरी येऊन काकांनी माळ्यावरून एक भलंमोठं स्टीलचं तसराळं काढलं. निरोपाच्या वेळी कारखान्याने दिलेलं, रुंद आणि उथळ. ते त्यांनी असं घासलं की सूर्यानेही थांबून तोंड बघून घ्यावं. "बघच तू," ते काकूंना म्हणाले, "पाखरं रांग लावतात की नाही!"

रांग सोडाच. एक चिमणी काठावर उतरली, घसरगुंडीवरून जावं तशी थेट तळाशी गेली आणि कशीबशी उडाली. तिने बाकीच्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण पुन्हा कोणी फिरकलं नाही. पॉलिश कमी पडतंय, असा काकांनी निष्कर्ष काढला. मग रोज सकाळी पाणी ओतायचं, तसराळं घासायचं, आपल्या वेताच्या खुर्चीसमोर भिंतीला टेकवून उन्हात वाळत ठेवायचं आणि आंघोळीला जायचं, असा नेमच झाला.

आणि एके दिवशी काकूंना खुर्चीतल्या उशीला भोक दिसलं. छोटंसं, गोल, कडा तपकिरी.

"हे काय?"

"भोक."

"ते मलाही दिसतंय. कसलं?"

"वाळवी असेल."

"वाळवी उशी जाळते?"

काकूंनी त्यांच्या हातांचा वास घेतला, शर्टाचा घेतला. पॉलिशशिवाय कसलाच वास नव्हता. "अस्सं," त्या म्हणाल्या. "वास झाकायलाच हे रोजचं पॉलिश चाललंय होय!"

पुढे खुर्चीत ठेवलेलं वर्तमानपत्र शब्दकोड्याच्या बरोबर मध्यभागी जळलं. मग टोपी. काकू बोलेनाशा झाल्या. त्या भांडत असल्या की काका निर्धास्त असत. त्या गप्प झाल्या की ते घरातले सगळे नळ पुन्हा घासून काढत. लेकीचा फोन आला. "बाबा, खरं सांगा. आम्ही रागावणार नाही."

"खरंच नाही ओढली गं."

"बाबा, आता मात्र मी रागावले."

शेवटी काकांचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. इतक्या वर्षांची सवय. हाताने आपल्याला न विचारताच ओढली असली तर? खात्री करून घ्यायला ते कपाटातल्या जुन्या कोटाचे खिसे उलटे करत होते, तेवढ्यात मागे काकू.

"सापडली का?" काकूंनी विचारलं आणि त्या बॅग भरायला निघून गेल्या.

सकाळी काकू भरलेली बॅग पायाशी ठेवून वेताच्या खुर्चीत बसल्या आणि लेकीच्या गाडीची वाट बघत नातवाचा काळा स्वेटर विणू लागल्या. घर या बाईशिवाय कसं असतं, हे काकांनी कधी बघितलंच नव्हतं. सवयीने त्यांनी तसराळं घासलं, भिंतीला टेकवलं आणि डोळे दिसू नयेत म्हणून आंघोळीला गेले.

डोक्याला साबण लावला आणि बाहेरून आवाज आला, "अहो, विझवा ती आधी!"

काकूंच्या नाकाशी केस जळल्यासारखा वास आला होता. काका मागे उभं राहून ओढतायत असं वाटून त्या गर्रकन वळल्या, तर मागे कोणीच नाही. आणि धूर त्यांच्याच मांडीवरच्या लोकरीच्या गुंड्यातून निघत होता.

काका टॉवेल गुंडाळून बादलीसकट धावले. डोळ्यांत साबण, पाय तसराळ्याला लागला, ते ठणाणत उपडं पडलं. लोकरीवर नाण्याएवढा उजेडाचा ठिपका होता, तो त्याच क्षणी गेला. काकूंनी तो बघितला. बोलायला तोंड उघडलं, तोवर अख्खी बादली त्यांच्यावर, बॅगेवर आणि तसराळ्यावर रिकामी झाली होती.

"तुम्ही आत होतात," काकू पाणी निथळत म्हणाल्या.

"होतो."

"म्हणजे ते तसराळं... म्हणजे तुम्ही नाही ओढत."

"तेच तर मी..."

छातीवरचा धोंडा उतरला होता. सगळी बाग जळाली असती तरी त्या घटकेला काकांना चाललं असतं. काकू रडत होत्या की हसत होत्या, ओल्या चेहऱ्यावर कळत नव्हतं. "मी उगाच संशय घेतला हो तुमच्यावर."

"अगं, मीही घेतला होता."

लेक फाटकातून आत आली, तर बाप साबण लावून टॉवेलवर, आई चिंब, आणि दोघं खोखो हसतायत.

"आई, निघायचं ना?"

"कुठे? ती बॅग उघड आणि कपडे वाळत घाल आधी."

तेवढ्यात फडफड झाली. उपड्या तसराळ्याच्या बुडाला जी गोल कड असते, तिच्यात बोटभर पाणी साचलं होतं आणि एक चिमणी त्यात मजेत पंख झाडत होती. मागोमाग दुसरी आली. ते खरबरीत, काळपट बूड म्हणजे काकांनी कधीच न घासलेली एकमेव जागा.

तिघंही श्वास रोखून बघत राहिले. काकांची बोटं मात्र शिवशिवू लागली. "काय गं," ते हळूच म्हणाले, "तेवढं बूड जरा..."

"एक वेळ सिगारेट ओढा," काकू चिमण्यांवरची नजर न काढता म्हणाल्या, "पण त्याला हात लावू नका."

"खरंच? एक?"

काकूंनी ती नजर काढून त्यांच्यावर रोखली. काका मुकाट्याने साबण धुवायला आत गेले.