पथ्य मंडळाचा सदर

त्रिंबकबुवा वैद्य सकाळपासून पागोटं बांधत होते आणि मनासारखं बसलं नाही म्हणून परत सोडत होते. त्यांच्या पत्नी वच्छलाबाई चुलीपुढून हे बराच वेळ पाहत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, की आज कुणाचं लग्न आहे का.

बुवांनी सांगितलं, लग्न नाही, निवडणूक आहे. केजच्या आसपास वैद्य, हकीम आणि आजाऱ्याला पथ्यपाणी सांगणारे जेवढे म्हणून लोक होते, त्यांचं एक मंडळ निघत होतं. कारणही तसंच होतं. एकाच आजाऱ्याला एक वैद्य ताक पी म्हणायचा, दुसरा ताकाला शिवू नकोस म्हणायचा, आणि आजारी बिचारा दोघांचाही मान राखून उपाशी राहायचा. खुद्द तहसीलदारसाहेबांच्या पोटाचे असेच हाल झाले, तेव्हा त्यांनी अर्जुनराव पाटलांना बोलावून, या लोकांनी एकत्र बसून एक सदर, म्हणजे अध्यक्ष, निवडावा आणि काय ते एकदा ठरवावं, अशी इच्छा बोलून दाखवली. हुकूम काढला नाही. निजामाच्या राज्यात तहसीलदाराची इच्छा पुरेशी होती.

"सदराला पगार किती?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"पगार न्हाई, भत्ता न्हाई. पण मान हाय."

"मंग घोटभर कढण तरी पिऊन जा."

"मला संयमावर बोलायचंय," बुवा म्हणाले. "भरल्या पोटी काय बोलू?"

आणि ते तसेच बाहेर पडले. जाताना एवढंच सांगून गेले, की संध्याकाळी घरी येईल तो सदर येईल.

सभा गावाबाहेरच्या मारुतीच्या देवळात होती. यजमान अर्जुनराव पाटील. ते मनाने मोठे, पण त्या दिवशी त्यांच्या हातून एक चूक झाली. स्वयंपाकीण छबुबाईने भरल्या वांग्यांचा, तुरीच्या वरणाचा, बाजरीच्या भाकरीचा आणि लापशीचा बेत केला होता, तो तिने मुकाट्याने रांधला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण पाटलांनी पाहुण्यांना आदराने विचारलं, की हे जेवण आपल्याला चालेल ना.

त्रिंबकबुवांनी लगेच वांगं वातुळ ठरवलं. ते बुवांनी काढलं म्हणून घाटनांदूरच्या सुंदररावांनी तुरीचं वरण काढलं. हे सुंदरराव म्हणजे बुवांचे जुने प्रतिस्पर्धी. बुवांनी बरा केलेला आजारी आपोआपच बरा झाला, असं ते सगळीकडे सांगत. मग हकीमसाहेबांनी बाजरी उष्ण असल्याचं निदर्शनास आणलं. चौसाळ्याच्या सत्यभामाकाकू बाळंतिणींचं खाणंपिणं पाहत, त्यांच्या शब्दाला चार गावांत वजन होतं. त्यांनी लापशीवर बोट ठेवलं. म्हणाल्या, बाळंतिणीला चालते, बसून राहणाऱ्या पुरुषांना नाही. एवढ्या लोकांनी एकेक पदार्थ काढल्यावर बाकीचे गप्प कसे बसणार? कुणी तिखट काढलं, कुणी तेल काढलं, कुणी चिंच. मीठ कोणतं घालावं यावर तर इतका वाद झाला, की मीठच रद्द झालं.

छबुबाई दारात उभी राहून हे ऐकत होती. ती म्हणाली, "पाणी तरी उकळू का? का त्यानंबी वात व्हतो?"

शेवटी सर्वांना चालेल असं अळणी मुगाचं पाणी तेवढं उरलं. ते सगळ्यांनी एकमेकांकडे पाहत प्यायलं आणि फार हलकं वाटतंय असं एकमेकांना सांगितलं.

मग निवडणूक सुरू झाली. सदर कोण होणार, असं पाटलांनी विचारलं, तर देवळात बसलेला एकूण एक माणूस उभा राहिला. हात वर करून मत द्यायचं होतं. प्रत्येकाचं नाव पुकारलं की एकच हात वर होई, आणि तो त्याचाच असे. पाटलांनी परत मतं घेतली. परत तेच. तेव्हा त्यांनी तोड काढली, की प्रत्येकाने पथ्यावर थोडं बोलावं, म्हणजे लोकांचं मन वळेल.

पहिला मान त्रिंबकबुवांना मिळाला. बुवांची एक सवय होती. संयमावर बोलताना ते डोळे मिटून बोलत.

त्यांनी जिभेच्या मोहापासून सुरुवात केली, आणि नेमका त्याच वेळी वारा फिरला. देवळामागे बंकटचं ज्वारीचं रान होतं. पौषाचे दिवस, कणसं दुधात भरलेली. बंकटने रानात आगटी पेटवून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं घातली होती. भाजत्या हुरड्याचा वास देवळात शिरला आणि अळणी पाण्यावर बसलेल्या सभेतून फिरला.

सुंदरराव हळूच उठले. एका आजाऱ्यासाठी मुळी शोधायची आहे, असं ते शेजाऱ्याच्या कानात सांगून गेले. हकीमसाहेबांना घोड्याला पाणी दाखवायचं आठवलं. सत्यभामाकाकूंना जवळच्या वस्तीवरची बाळंतीण आठवली. मग कुणाला काय, कुणाला काय आठवत गेलं. अर्जुनराव पाटील, गेलेल्यांना परत आणतो म्हणून गेले ते गेलेच.

बुवांचं भाषण रंगलं होतं. एवढी शांतता त्यांच्या भाषणाला आजवर कधी मिळाली नव्हती. "म्हणून ज्यानं जीभ जिंकली, त्यानंच सदर व्हावं," असा शेवट करून त्यांनी डोळे उघडले, तर समोर मारुती होता आणि एक कुत्रं.

बुवांना आधी काही कळेना. ते बाहेर आले, देवळाला वळसा घालून मागे गेले, आणि धूर दिसला तिकडे चालू लागले. आगटीभोवती अख्खं मंडळ गोल करून बसलं होतं. हकीमसाहेब गरम कणीस तळहातांवर चोळत होते. सत्यभामाकाकू लसणाच्या चटणीचं बोट चाटत होत्या. आणि सुंदररावांच्या पुढ्यात निखाऱ्यावर भाजलेलं, तेल सोडलेलं एक भलंमोठं वांगं होतं.

बुवांना पाहून सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. बंकटला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एवढी मोठी माणसं आपण होऊन आपल्या रानात आली, याचाच त्याला लई आनंद झाला होता.

"या बुवा, बसा," तो म्हणाला. "गूळभेंडी ज्वारी हाय. असा हुरडा केजात दुसरीकडं न्हाई."

बुवा बसले नाहीत. असा क्षण आयुष्यात परत येत नसतो, हे त्यांना कळत होतं. त्यांनी सुंदररावांपासून सुरुवात केली. मुळी सापडली का, असं विचारलं. वांगं वातुळ असतं ते वैद्यालाच बाधत नाही का, असं विचारलं. सुंदरराव मान खाली घालून बसले. बुवांचा आवाज चढत चालला असतानाच बंकटने ओंजळभर गरम हुरडा त्यांच्या हातात ओतला. रानात आलेल्या माणसाच्या हातावर काही ठेवलं नाही, तर बंकटला रात्री झोप लागली नसती.

हुरडा चटका देत होता. टाकून द्यावा तर अन्नाचा अपमान. बुवा तो या हातातून त्या हातात घेत बोलत राहिले. सकाळपासून त्यांच्या पोटात ते अळणी पाणीच काय ते गेलं होतं. हळूहळू त्यांची वाक्यं लहान होत गेली. पुढे नुसतेच शब्द राहिले. मग तेही थांबले आणि ओंजळ आपोआप वर येऊ लागली.

सुंदररावांनी मान वर केली ती याच वेळी.

"थांबा, बुवा," ते म्हणाले. "मंडळी, आपण समद्यांनी पथ्य मोडलं. एकटे बुवा टिकले. माझं मत बुवांना."

सभा क्षणभर चकित झाली. मग हकीमसाहेबांचा हात वर गेला, काकूंचा गेला, पाटलांचा गेला. चटणीने आणि राखेने भरलेले सगळे हात वर झाले. एकही विरोधात नव्हता.

बुवांना भरून आलं. ज्या माणसाने जन्मभर त्यांना वैद्य म्हटलं नाही, त्याने त्यांचं नाव सुचवलं होतं. त्यांनी आभार मानायला तोंड उघडलं, तोच सत्यभामाकाकूंनी हात पुढे केला.

"आता सदराला हुरडा शोभायचा न्हाई," त्या प्रेमानं म्हणाल्या. "द्या इकडं."

सुंदररावांचा डाव बुवांच्या आत्ता लक्षात आला. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. त्यांनी ओंजळीकडे पाहिलं. दाणे अजून वाफाळत होते.

"म्या सदर झालो ना?" त्यांनी विचारलं.

"झालात," सगळे म्हणाले.

"मंग सदराचा पयला ठराव ऐका. हे मंडळ उद्या सकाळी सुरू व्हईल. आज हितं कुणी वैद्य न्हाई, कुणी हकीम न्हाई आन् कुणी सदरबी न्हाई."

एवढं बोलून बुवांनी बैठक मारली, ओंजळ तोंडात रिकामी केली, आणि सुंदररावांच्या पुढ्यातलं वांगं मधोमध मोडून अर्धं आपल्याकडे ओढलं. सुंदररावांनी बाकीचं अर्धंही त्यांच्याकडे सरकवलं आणि बंकटला दुसरं भाजायला सांगितलं.

पाटलांनी रीतीप्रमाणे विचारलं, की ठरावाला कुणाची हरकत आहे का. कुणीच बोललं नाही. बोलण्याइतकं कुणाचंच तोंड रिकामं नव्हतं.