येथे एकदाच विचारले जाते

आमच्या शेजारच्या घराच्या फाटकावर एक पाटी आहे. तिच्यावर घरमालकाचे नाव नाही, कुत्र्यापासून सावध राहण्याची सूचनाही नाही. पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत वर मराठी, खाली हिंदी: 'येथे एकदाच विचारले जाते. यहाँ एक ही बार पूछा जाता है.'

पाटी वाचून कुरियरवाले आवाज खाली आणतात. पाण्याचे फिल्टर विकणाऱ्या एकाने मला हळूच विचारले, "भैया, इधर कोई थानेदार साहब रहते हैं क्या?" मी नाही म्हटले. तरी तो फाटकाला हात न लावता पुढच्या घरी गेला.

घर दत्तात्रय बोधनकरांचे. वय सत्तरीच्या पुढे. विजेच्या खात्यात मीटर तपासण्याच्या शाखेत त्यांची सगळी नोकरी झाली. जबलपूरच्या मदन महल भागातल्या या गल्लीत त्यांना सगळे बोधनकर काका म्हणतात. पाटीचा संबंध चौकशीशी नाही, खाण्यापिण्याशी आहे. त्यांच्याकडे पाहुण्याला चहा, पोहे, जेवण, जे असेल ते एकदा विचारले जाते. पाहुणा हो म्हणाला तर त्याला पोटभर मिळते. नको म्हणाला तर ताट परत जाते. मराठी घरात वाढलेल्या माणसाला यातला धोका समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे पहिले 'नको' हा नकार नसतो. गवयाने गाण्याआधी खाकरावे, तसे ते असते.

आम्ही या गल्लीत राहायला आलो, तेव्हा ही पाटी नव्हती. रीतीप्रमाणे मी आणि माझी बायको शेजारी भेटायला गेलो. काकांनी पोह्यांच्या बश्या आणल्या. वर खोबरे, कोथिंबीर, कडेला लिंबाची फोड.

"घेणार?"

"अय्या, नको हो, आत्ताच खाऊन निघालो," बायको म्हणाली. आम्ही काहीही खाल्लेले नव्हते. आमची शेगडी अजून कुठल्या तरी खोक्यात होती.

"अच्छा," काका म्हणाले आणि बश्या आत घेऊन गेले. बाहेर येऊन त्यांनी आम्हाला स्विचबोर्डाबद्दल माहिती दिली.

"कोणाच्याही घरी जा. अंधारात दारातून हात घातला, पहिलं बटण दाबलं, काय लागते? पंखा. दुसरं दाबलं, काहीच नाही. तिसरं दाबलं की आतून बाई ओरडते, मोटर काहून बंद केली? आता मला सांगा जी, पहिलं बटण दिवा, एवढं ठरवायला काय लागते? बाकीच्या बटणांवर तुमचं राज्य. पण पहिलं दिवा!"

काकांनी स्वतःच्या घरात तसे करून घेतले होते. दुसऱ्यांच्या घरात ते शिरल्यावर बोर्डाकडे बघत आणि बसण्याआधी आपला निकाल देत.

आम्ही उपाशी परतलो. थोड्या वेळाने मागच्या अंगणाच्या भिंतीवरून हाक आली. कुसुमकाकू स्टीलचा डबा घेऊन उभ्या होत्या. "घ्या. त्यांचं विचारणं झालं, आता माझं." बायको नको म्हणाली. "घ्या ना, गार होऊन राहिले." बायको पुन्हा नको म्हणाली. "आता पुरे हां," काकू म्हणाल्या आणि डबा भिंतीवर ठेवून गेल्या. डब्यावर झाकण नव्हते, बशी होती.

झाकणे हा काकांचा दुसरा लढा. एका डब्याचे झाकण दुसऱ्या डब्याला न बसणे हा ते जनतेवर होणारा अन्याय मानत. एकदा मी त्यांच्याबरोबर भांड्यांच्या दुकानात होतो. त्यांना फक्त झाकण हवे होते.

"बाबूजी, ढक्कन अकेला नहीं आता. डिब्बे की जोड़ी में आता है."

"डिब्बा मेरे पास है. अच्छा-भला है."

"तो नया डिब्बा ले लीजिए."

"यानी ढक्कन खोया, तो डिब्बे को सज़ा?"

दुकानदाराने माझ्याकडे बघितले. मी कढयांकडे बघितले.

बाजारात शिस्तीची वस्तू एकच, असे काकांचे मत होते. बांगडी. सराफ्याच्या गल्लीतून कुसुमकाकूंसाठी बांगड्या आणताना ते काकूंना सोबत नेत नसत. "दो-छह म्हटलं की दो-छह. जबलपुरात घ्या नाही तर नागपुरात घ्या, हातात जाते म्हणजे जाते. आणलेलं आजवर परत गेलं नाही." ज्या देशाला बांगडीचे माप ठरवता आले, त्याला 'बस पाँच मिनट' किती मिनिटांचे हे ठरवता येऊ नये, याचा त्यांना राग होता. आमच्या गल्लीतल्या ऑटोवाल्यांशी ते यावरून नेहमी भांडत.

पण सगळ्यांत मोठी बेशिस्त आग्रहाची. ती त्यांनी स्वतःच्या घरापुरती मोडून काढली होती आणि त्यावर एक लग्नही जमवले होते. मुलगी अनघा हिला बघायला तीन मुलगे येऊन गेले. पहिले दोघे पोह्यांना नको म्हणाले. तिसरा रात्रभर गाडीत उभा राहून आला होता. तो हो म्हणाला आणि बशी संपल्यावर आणखी मागितले. काकांनी आत जाऊन काकूंना सांगितले, "माणूस मिळाला." अनघा आता त्या माणसाबरोबर बेंगळुरूला असते. दोघांचे बरे चालले आहे. काका हा आपल्या नियमाचा पुरावा म्हणून सांगतात.

पुढे त्यांनी नियम जगाला द्यायचे ठरवले. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या वार्षिक सभेत, जेवणाआधी, ते उठून उभे राहिले.

"पंगतीत आग्रह एकदाच व्हावा, असा माझा ठराव आहे. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. कोणी एकदा विचारते, कोणी पाचदा. खाणाऱ्यानं कितव्यांदा हो म्हणायचं, हे कुठंच ठरलेलं नाही. अर्धी लोकं उपाशी उठतात, अर्धी पोट बिघडून."

पंगतीची व्यवस्था मालतीबाई घाट्यांकडे असते. त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि अजून तशाच बोलतात. "बसा, बोधनकर. तीनदा म्हटल्याशिवाय आपला माणूस जेवत नाही. एकदा विचारायला ही काय खानावळ आहे?"

"खानावळीत माणूस पोटभर जेवते, मालतीबाई. लाजत नाही."

"मग तिथंच जा ना!"

ठराव मताला टाकला. विरोधात सगळ्या सभेचे हात वर झाले. त्यांत कुसुमकाकूंचाही होता. बाजूने काकांचा एकट्याचा. त्यांनी तो बराच वेळ खाली घेतला नाही. जेवताना वाढप्याने जिलबी एकदा विचारली, ते हो म्हणाले. तो सवयीने पुन्हा आला तेव्हा काकांनी ताटावर हात धरला आणि त्याला नियम समजावून सांगितला. मागची पंगत खोळंबली.

काही वर्षांनी कुसुमकाकू गेल्या. आजार थोड्या दिवसांचा होता. नर्मदेच्या ग्वारीघाटावर विधी आटोपल्यावर पंडितजी म्हणाले, "बाबूजी, जो श्रद्धा हो, दे दीजिए."

"श्रद्धा कितनी?" काकांनी विचारले.

"श्रद्धा का कोई नाप थोड़े होता है."

"हेच तर मी जन्मभर सांगून राहिलो!" काका माझ्याकडे वळून म्हणाले. मग खिशात होते नव्हते ते त्यांनी पंडितजींच्या हातात ठेवले आणि बजावले, "इसको रेट मत समझना."

फाटकावरची पाटी त्यानंतरची. भेटायला येणाऱ्यांना काका चहा विचारत. अशा प्रसंगी पहिल्या फटक्यात हो कोण म्हणणार? लोक नको म्हणत, कप परत जात. उन्हातून आलेली माणसे तशीच उन्हात जात. मागच्या भिंतीवर आता कोणी नव्हते. तेराव्यानंतर काकांनी पाटी रंगवून आणली. "लोकांना आधी सांगितलेलं बरं," एवढेच म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ते आमच्या व्हरांड्यात येऊन बसले. मी इथल्या हिंदी दैनिकात संध्याकाळच्या पाळीला असतो, त्यामुळे सकाळी घरी सापडतो. काका खुशीत होते, निदान आवाजावरून.

"अनघाचा फोन होता. म्हणे, बाबा, तुम्ही एकटे काहून राहता, इकडेच या राहायला. खोली तयार आहे."

"मग?"

"मी म्हटलं, नको."

"मग ती काय म्हणाली?"

"काय म्हणणार? अच्छा बाबा, म्हणाली. ठेवला फोन." त्यांनी मांडीवर थाप मारली. "पुन्हा विचारलं नाही! याला म्हणतात वळण. दुसऱ्याची पोर असती तर रडारड, शपथा, घाला गोंधळ. माझ्या पोरीनं एकदा विचारलं, बस. चलो, विषय संपला."

चहा त्यांनी एकदा विचारताच घेतला होता. तो हातात तसाच होता.

मी म्हटले, "काकू असत्या तर त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं असतं."

काकांनी माझ्याकडे बघितले. "तुम्हाला काय वाटते, मागच्या भिंतीवरचं मला माहीत नव्हतं? दोन माणसांच्या घरात एवढे पोहे लागतात काय? आणून कोण देत होतं? पोत्यानं आणत होतो मी. दुकानदार विचारे, बाबूजी, कैंटीन चलाते हो क्या?" त्यांनी कपात बघितले. "नियम माझा होता, दुरुस्ती तिची होती. चालून राहिलं होतं."

मग चहाला साय आली आहे, अशी तक्रार करून ते उठले. दुधाच्या चहावर साय किती वेळात यावी, यालाही काही प्रमाण नाही, असे जाताना म्हणाले.

त्या दिवसापासून फोन वाजला की ते अंगणातून आत धावत. फोन बहुतेक कर्ज देऊ करणाऱ्यांचे असत. अनघाचा रविवारी येई. प्रकृती, हवा, औषधे. त्या एका गोष्टीचा विषय निघत नसे. नियमाप्रमाणे तो संपला होता. आपण होऊन 'येतो' म्हणणे काकांना शक्य नव्हते. विचारल्याशिवाय हो म्हणण्याची तरतूद त्यांच्या नियमात नव्हती.

यंदाच्या वार्षिक सभेत, जेवणाआधी, ते पुन्हा उभे राहिले. सभा आधीच हसू लागली.

"माझ्या जुन्या ठरावात दुरुस्ती आहे. एकाच्या जागी दोन."

मालतीबाई म्हणाल्या, "काहून हो बोधनकर? विरघळले का?"

"विरघळायचा संबंध नाही. हा तपासणीचा प्रश्न आहे. मीटर तपासताना आम्ही एका रीडिंगवर कधी निकाल दिला नाही. पहिलं रीडिंग कधी कधी खोटं निघते. मीटर चांगलं असते तरी निघते. म्हणून दुसरं घ्यायचं आणि मग शिक्का मारायचा. माणसाचं मात्र मी एकच रीडिंग घेत आलो. ही चूक माझी. नियमाची नाही."

सभा हसायची थांबली होती.

"तीनला का अडता पण?" मालतीबाईंनी विचारले. त्यांचा आवाज जरा खाली आला होता.

"तिसरं म्हणजे लाड. लाडाला माझा विरोध कायम आहे."

दुरुस्ती फेटाळली गेली. सभा तीनवर ठाम राहिली. पण या वेळी बाजूने दोन हात होते. दुसरा मालतीबाईंचा होता. पंगतीत त्यांनी काकांना श्रीखंड दोनदा विचारले आणि तिसऱ्यांदा न विचारता वाढले.

दुसऱ्या दिवशी काका स्टुलावर चढून पाटी रंगवत होते. 'एकदाच'वर पांढरा हात मारून त्यांनी 'दोनदाच' लिहिले. हिंदीतल्या 'एक ही'चे 'दो ही' केले. रंग जुन्या पांढऱ्याशी जुळत नव्हता. रंगांच्या नावांना काही धरबंध नाही, दुकानदाराने 'व्हाईट' म्हणून भलतेच दिले, असे त्यांनी मला स्टुलावरून सांगितले.

मी पाटीचा फोटो काढला आणि अनघाला पाठवला. खाली काही लिहिले नाही.

रविवारी सकाळी आमच्या व्हरांड्यात पेपर वाचत होतो. पलीकडे काकांचा फोन वाजला. ते फोनवर बोलतात तेव्हा बेंगळुरूपर्यंत तारेची गरज नसते.

"हां, बोल. बरा आहे. थंडी आहे. खाल्ली गोळी." मग काका म्हणाले, "नको."

मी पेपर खाली ठेवला. पलीकडून काय बोलले गेले, ते मला ऐकू येणे शक्य नव्हते.

"हो," काका म्हणाले.

बहुधा अनघाला खात्री करून घ्यायची असावी. कारण पुढच्याच क्षणी काका कडाडले, "हो म्हटलं ना! नकोला दोनदा विचारायचं असते, होला नाही. चलो, विषय संपला."

फोन मात्र त्यांनी ठेवला नाही. बेंगळुरूच्या त्या खोलीत पहिले बटण कशाचे आहे, ते विचारू लागले.