पाच टक्क्यांवर आलेली बोट

"मग सोलर बसवू या ना," असं जावईबापू बोलून गेले, आणि बोलल्या क्षणी त्यांना कळलं की आपण नको तिथे तोंड उघडलं.

रविवारची सकाळ होती, समोर चहा होता, आणि बोट काढून टाकणार असं सासऱ्यांनी नुकतंच जाहीर केलं होतं. खांदा आखडलाय, हँडल मारून इंजिन सुरू करणं आता जमत नाही, भंगारवाल्याशी बोलणं झालंय. एवढं सांगून ते बिस्किट बुडवायला लागले. स्वयंपाकघरात बायको दहा मिनिटं एकच पातेलं घासत होती. (तिला रडू आलं की ती पातेलं घासते. लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यावर एवढं जावईबापूंना कळायला लागलं होतं.) त्या बोटीत ती नवव्या वर्षी सुकाणू धरायला शिकली, तिथेच बसून शाळेचा अभ्यास केला, आणि आई गेली तेव्हा दोन दिवस ती बोटीतून उतरलीच नव्हती. ते घासणं जावईबापूंना ऐकवेना, म्हणून ते बोलले. बाकी हरित ऊर्जेशी त्यांचा तोपर्यंत काडीचाही संबंध नव्हता.

"सोलर?" सासऱ्यांचं बिस्किट चहात पडलं. "बोटीवर?"

"हो. इंजिनाच्या जागी मोटर. हँडल नको, डिझेल नको, धूर नको. शिवाय पर्यावरणाला..."

"जावईबापू, चाळीस वर्षं मी डिझेल इंजिनं दुरुस्त केली. इंजिन बंद पडलं तर त्याला लाथ घालता येते. ऊन बंद पडलं तर लाथ कोणाला घालणार?"

पातेल्याचा आवाज थांबला. बायको ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर आशा दिसत होती आणि ती आशा चक्क नवऱ्याकडे बघत होती. जावईबापूंनी घाईघाईने चहाचा कप तोंडाला लावला.

शेवटी सासऱ्यांनी अट घातली. महिनाभरात काय ते बसवा. मग एका रविवारी तलावाच्या पलीकडच्या धक्क्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. कोणी ओढून आणायचं नाही. जमलं तर बोट लेकीच्या नावावर. नाही जमलं तर सोमवारी भंगारवाला.

आता जावईबापूंबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ते विमा कंपनीत होते, क्लेमच्या टेबलावर. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा त्यांच्यासमोर फक्त बुडालेलं, जळालेलं, पडलेलं आणि चोरीला गेलेलं येई. न बुडालेल्या बोटीची फाइल त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. त्यामुळे माणूस मुळात भित्रा नसेलही, पण नोकरीने त्याला भित्रा केला होता. घरात गॅस बंद केलाय का हे बघायला ते जिन्यावरून दोनदा परत येत. त्यात त्यांना पोहता येत नव्हतं.

सोलरवाला आला. हसतमुख माणूस, कानाला फोन चिकटलेला. दोन दिवसांत त्याने जुनं इंजिन उतरवलं, मोटर बसवली, बाकाखाली बॅटरी ठेवली आणि छतावर चार काळीभोर, चकचकीत पॅनल ठोकली. पॅनल बघून जावईबापूंची झोप उडाली. एवढी मोठी काच! उघड्यावर! वर पक्षी, खाली पाणी, आणि धक्क्यावर येणारा जाणारा प्रत्येकजण बोट लावून बघणार. ("साधं बोट लावलं तरी डाग पडतात हो," ते बायकोला कळवळून म्हणाले.)

"ढगाळ दिवशी हे चालतं का?" त्यांनी सोलरवाल्याला विचारलं.

"चालतं की साहेब. ढगातूनसुद्धा थोडं थोडं चार्ज होतं."

झालं. ढग म्हणजे केवढा जाड, मैलभर सुद्धा असेल. त्यातून जर ऊन आरपार जातं, तर कापडाची काय कथा? क्लेमच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाचा हा हिशेब होता आणि त्यांना तो बिनचूक वाटला. घरात कोणाला न विचारता, न सांगता त्यांनी रेक्झिनचं मजबूत, राखाडी कव्हर शिवून घेतलं आणि एका संध्याकाळी धक्क्यावरच्या माणसाला शिडी धरायला लावून ते छतावर घट्ट बांधलं. अठरा गाठी मारल्या. खालून बघणाऱ्याला वाटावं, छतच राखाडी आहे.

फोनवर एक ॲप होतं. त्यात बॅटरीचा आकडा दिसे आणि त्याखाली "सौर" असं लिहून पुढे शून्य. जावईबापू दर अर्ध्या तासाला ते शून्य बघून समाधान पावत. बिघाड शून्य. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनाही त्यांनी ते कौतुकाने दाखवलं होतं.

ठरलेला रविवार उजाडला. लख्ख ऊन, पाठीवर वारा. जावईबापूंनी दोन लाइफ जॅकेट घातली, एकावर एक. पॅनलचं वजन वाढलंय म्हणून वल्ही धक्क्यावरच ठेवायला लावली. बॅटरी अठ्ठावन्न दाखवत होती, कारण पंधरा दिवस ते येणाऱ्या प्रत्येकाला मोटर चालवून दाखवत होते.

"अठ्ठावन्नच?" बायकोने सुकाणू धरत विचारलं.

"उन्हात गेलं की वाढेल."

बोट निघाली. आवाज नाही, धूर नाही. बायको हसली. सासरे पुढच्या बाकावर हाताची घडी घालून, डोळे मिटून बसले.

वाढेल म्हटलेला आकडा चाळिसावर आला. मग तेहेतीस. जावईबापूंनी पंखा बंद केला. सव्वीस. सासऱ्यांचा रेडिओ बंद केला. (तो सेलवर चालत होता. पण अशा वेळी माणसाला सुचतं कुठे?) अठरा. तोंडचं पाणी पळालं. चहूकडे पाणीच पाणी आणि त्यांच्या घशाला मात्र कोरड.

"अहो, घाम किती आलाय तुम्हाला. काय झालं?"

"काही नाही. ऊन आहे ना."

"ऊन आहे तर चार्ज का होत नाही?"

हा प्रश्न त्यांनाही पडला होता. बारा टक्के झाले तेव्हा त्यांनी सोलरवाल्याला फोन लावला आणि घाबरून स्पीकर दाबला गेला.

"साहेब, सौरच्या पुढे किती दाखवतंय?"

"शून्य! सगळं ठीक आहे, बिघाड शून्य."

"बिघाड नाही हो साहेब! वीज शून्य! पॅनलवर ऊन पडतंय ना?"

"म्हणजे... कव्हरवर पडतंय."

"कसलं कव्हर?"

सासऱ्यांनी एक डोळा उघडला. बायकोने सुकाणू सोडलं नाही, पण तिने नवऱ्याकडे अशी नजर टाकली की त्यांना तिसऱ्या लाइफ जॅकेटची गरज वाटली.

"कव्हर घातलंत? सोलर पॅनलवर?"

"ढगातून चालतं म्हणाला होता तो."

"ढग रेक्झिनचे असतात का हो?" ती ओरडली. "उद्या भंगारवाला येणार आहे. माझी बोट नेणार आहे तो."

पाच टक्के. मोटर घरघरली आणि हळू झाली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासऱ्यांना वर चढवता येणार नव्हतं, बायकोने सुकाणू सोडणं शक्य नव्हतं. उरलं कोण? जावईबापूंनी "काय करू, काय करू" असं पुटपुटत छताची कड पकडली. आपल्याच फाइलीत लिहावं तसं त्यांच्या मनात येत होतं: विमेदार स्वतःहून छतावर चढला, कारण समाधानकारक नाही.

पोटावर सरपटत ते वर पोचले. अठरा गाठी. प्रत्येक गाठ अशी की मारणाऱ्याचा राग यावा. दातांनी, नखांनी, "अरे देवा, अरे देवा" करत त्यांनी सोळा सोडल्या. सतराव्या गाठीला हात घातला आणि पाठीमागून वाऱ्याचा मोठा झोत आला. कव्हर फाडकन उठलं, फुगलं, आणि पुढच्या दोन कोपऱ्यांवर बांधलेलं तसंच ताठ उभं राहिलं. मोटर बंद. बोट मात्र सुसाट.

"सोडा ते!" बायको.

"सोडू नका!" सासरे उभे राहिले होते. त्यांचा चेहरा खुलला होता. "धरून ठेवा जावईबापू! आता कुठे हरित ऊर्जा सुरू झाली!"

जावईबापूंनी सोडलं नाही. त्यात शौर्य नव्हतं. बोटं उघडत नव्हती. ते कव्हराला लोंबकळत, दोन जॅकेटांत फुगलेले, डोळे घट्ट मिटून पलीकडच्या किनाऱ्याला गेले. धक्का पन्नास पावलं चुकला आणि बोट चिखलात जाऊन थांबली. ते उतरले ते छतावरून थेट चिखलातच.

पण पॅनल उघडी पडली होती. तीन तास तिघं काठावर बसले. ॲपमध्ये सौरच्या शून्याचे दोनशे वॅट झाले, बॅटरीच्या पाच टक्क्यांचे पंचेचाळीस. बायको दर पाच मिनिटांनी आकडा मोठ्याने वाचत होती आणि तिचा आवाज हळूहळू मऊ होत होता. मग ते निघाले. ऊन वरून येत होतं, मोटर गुपचूप फिरत होती, आणि बायको वडिलांना काहीबाही सांगत होती: शाळा, आई, एकदा इथे पडलेली चप्पल.

बराच वेळ सासरे ऐकत राहिले. मग म्हणाले, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा या बोटीत मला कोणाचं बोलणं ऐकू आलं. तू एवढी बडबडी आहेस हे मला माहीतच नव्हतं गं." आणि त्यांनी पलीकडे तोंड फिरवून डोळे पुसले.

अलीकडचा धक्का आला. बॅटरीत अजून वीस टक्के होते. कोणी ओढून आणलं नव्हतं. सासरे तडक धक्क्यावरच्या ऑफिसात गेले आणि कारकुनाकडून नावावर करायचा अर्ज मागून घेतला. जावईबापूंना हुंदका आला. आपल्यामुळे बायकोची बोट वाचली! चिखलाने माखलेली छाती त्यांनी जरा पुढे काढली.

अर्जात बोटीसोबत द्यायच्या सामानाचा तक्ता होता. सासऱ्यांनी सावकाश भरला. नांगर, नग एक, स्थिती उत्तम. वल्ही, नग दोन, बरी. पॅनल, नग चार, नवीन. बॅटरी, नग एक, नवीन. मग जरा विचार करून त्यांनी शेवटची ओळ लिहिली. जावई, नग एक. स्थितीच्या रकान्यात लिहिलं, "आहे तसा."

बायकोने एकेक ओळ वाचून शेजारी टिक केली. शेवटच्या ओळीशी थांबली. नवऱ्याला डोक्यापासून चिखलापर्यंत निरखून बघितलं आणि कारकुनाला विचारलं, "यातलं एखादं नको असेल तर खोडता येतं का हो?"

"नाही बाई. बोट घ्यायची तर सगळं एकत्रच घ्यावं लागतं."

तिने एक मोठा सुस्कारा टाकला आणि सही केली.