बाबांच्या बाजूचा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शिकवणाऱ्याच्या. मास्तरांची उभी हयात त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवण्यात गेली होती, त्यामुळे तो पाय आता त्यांचंही ऐकत नसे. सोफ्यावर बसून टीव्ही बघताना पडद्यावरची गाडी वळणावर आली, की मास्तर फरशी दाबत. आणि लेकीने कॉलेजचा विषय काढला, की हमखास दाबत.

लेकीला, म्हणजे बबडीला, शहराबाहेरचं कॉलेज हवं होतं. मास्तरांना समोरचं. समोरचं म्हणजे अगदी समोरचं. घरच्या गॅलरीत उभं राहिलं की त्याच्या पहिल्या मजल्यावरचा फळा वाचता येई.

"दोन्हीकडे अभ्यास तोच. मग ही तंगडतोड कशाला?"

"तिथली प्रयोगशाळा मोठी आहे, बाबा."

प्रयोगशाळा मोठी होतीच, पण बबडीचा जीव अडकला होता तो तिच्या मागच्या हॉस्टेलमध्ये. 'कुठे निघालीस, कधी येणार, सोबत कोण' हे ऐकून न घेता तिला आयुष्यात एकदा तरी चपला घालायच्या होत्या. आईला हे ठाऊक होतं, मास्तरांनाही ठाऊक होतं, तरी घरात चर्चा चाले ती प्रयोगशाळेचीच.

शेवटी "नुसतं बघून तर येऊ" यावर तह झाला. छपरावर स्कूलची पाटी मिरवत गाडी निघाली. बबडी चालवत होती, शेजारी मास्तर, मागे आई आणि केळ्यांची पिशवी. आईला गाडी चालवता येत नव्हती. का येत नव्हती, ते ती कुणाला सांगत नसे.

"बाबा, तिथल्या हॉस्टेलच्या बाई फार कडक आहेत म्हणे, त्यामुळे..."

गाडी गचकन थांबली. केळी सीटखाली गेली. मागच्या ट्रकवाल्याने मान बाहेर काढून मास्तरांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

"बाबा! रस्ता मोकळा होता!"

"मांजर होतं."

"कुठंय?"

"गेलं."

पुढे 'खोली' म्हटल्यावर एक मांजर आडवं आलं, 'मैत्रिणी' म्हटल्यावर दुसरं.

"या रस्त्याला मांजरं भारी," आई केळी गोळा करत म्हणाली.

बबडीने गाडी सरळ कडेला घेतली. "बाबा, एकदाचं सांगून टाका. काय अडचण आहे?"

मास्तर खिडकीबाहेर बघू लागले. "तू गेल्यावर मी भांडायचं कुणाशी? तुझी आई तर उत्तरच देत नाही."

बबडीला एकदम भरून आलं. बाबांचा हात धरावासा वाटला. पण हॉस्टेलही हवंच होतं. तिने गुमान गिअर टाकला.

कॉलेजच्या फाटकात प्राचार्यबाईंची नवी कोरी गाडी आडवी अडकली होती. ना आत, ना बाहेर. शिपाई "लेफ्ट" ओरडत होता, रखवालदार "राइट", आणि बाई दोघांचंही ऐकत होत्या. मागे हॉर्नचा नुसता कल्ला. ते बघून बबडीचे डोळे चमकले. बाबा खूश झाले की मागाल त्यावर सही करत, आणि त्यांना खूश करणारी जगात एकच गोष्ट होती: चुकणारा ड्रायव्हर.

"मॅडम, माझे बाबा बघतील! त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे!"

मास्तर क्षणात प्राचार्यबाईंच्या शेजारी जाऊन बसले. "घाबरू नका, मी आहे ना. रिव्हर्स टाका. हळू... अजून हळू... बास!"

बास म्हणत त्यांनी ब्रेक दाबला. पण या गाडीत त्यांच्या पायाखाली नुसती चटई. गाडी आपली निवांत मागे गेली आणि रखवालदाराच्या केबिनला टेकली. केबिन जराशी डुलली आणि आडवी झाली. नशीब, रखवालदार "राइट" ओरडायला बाहेर आला होता.

"झालं," बबडी पुटपुटली. "माझी ॲडमिशन त्या केबिनखाली गेली."

बाई रडकुंडीला आल्या होत्या. "आमचे हे म्हणतातच, तुला जन्मात जमायचं नाही."

"अहो, तुमची कसली चूक?" मास्तर उसळले. "या गाडीत ब्रेकच अर्धे आहेत! चला, माझ्या गाडीत बसा."

चुकल्यावर असं कुणी बोललेलं बाईंनी प्रथमच ऐकलं होतं. त्यांनी मैदानाला दोन फेऱ्या मारल्या, त्याही सुतासारख्या सरळ. तिसऱ्या फेरीला ग्रंथपाल खिडकीशी आले, "सहज विचारतो" म्हणत. मग हेडक्लार्क आले. मग खेळाचे सर, जे पोरांना पळपळ पळवत पण स्वतः क्लचला घाबरत. बघता बघता अर्धं कॉलेज रांगेत उभं राहिलं, आणि आई रांगेत केळी वाटत फिरू लागली.

दिवस कलता कलता मास्तर परत आले ते फुललेल्या चेहऱ्याने. "बबडे, कॉलेज झकास आहे हं. काय माणसं आहेत! तू इथंच शिकायचं."

ऑफिसात जाऊन त्यांनी धडाधड सह्या केल्या. त्यांच्या पाठीमागून बबडीने आईला डोळा मारला.

"हॉस्टेलची खोली ठेवू ना?" हेडक्लार्कांनी विचारलं.

बबडीने घाईघाईने मान डोलावली.

"छे छे, खोली कशाला?" मास्तर म्हणाले. "सोमवारपासून मी इथंच शाखा उघडतोय. मॅडमनी त्या केबिनची जागाच देऊन टाकली. अगदी फाटकात! सकाळी मी हिला घेऊन येईन, संध्याकाळी घेऊन जाईन. येता-जाता तास-तासभर गप्पा. तुझी प्रयोगशाळाही झाली, बबडे, आणि माझी सोयही झाली."

बबडी मटकन बाकावर बसली. समोरच्या कॉलेजात निदान रस्ता तरी एकटीने ओलांडता आला असता.

"आई," ती कळवळून म्हणाली, "तू तरी बोल ना काहीतरी!"

आईने शेवटचं केळं सोललं आणि अर्धं लेकीच्या हातात ठेवलं.

"काय बोलू, बाळा? मीसुद्धा ह्यांच्याकडे पंधरा दिवसांचाच क्लास लावला होता."