धोतराचे दोन तुकडे

जबडा हरवल्याचं कळलं तो मंगळवार होता. अण्णाजी रोहणा गावातल्या आपल्या घरी चहा पीत बसले होते, तेवढ्यात सावंगीहून चारुता डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"अण्णाजी, तीन हजार वर्षांपूर्वीच्या बाईच्या हाडांत स्टीलची पट्टी कशी निघाली?"

"मले काय माहीत मॅडम? शिकलेल्या तुम्ही."

"पट्टीला चार स्क्रू आहेत."

अण्णाजींचा चहा बशीतच राहिला. ती पट्टी त्यांच्या ओळखीची होती. त्यांची बायको सुलोचनाबाई अंगणात घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं, तेव्हा ती बसवली होती. सव्वा वर्षापूर्वी बाई गेल्या. राख सावडताना अण्णाजींनी पट्टी स्वतःच्या हाताने वेचून अस्थींत ठेवली होती.

त्याचं असं झालं होतं. अण्णाजींच्या शेतात मोठ्या दगडांचं एक गोल रिंगण आहे. त्याखाली फार जुन्या काळची माणसं पुरलेली निघाली. त्यांच्या हाडांवरून त्यांना काय काय आजार होते ते शोधायचं, हे चारुताचं काम. पंधरा दिवसांपूर्वी एका बाईचा जबडा सापडला. दाढेत पू होऊन हाडाला आरपार भोक पडलेलं. चारुता नाचायचीच बाकी होती.

"अण्णाजी, बघा किती सुंदर गळू आहे!"

"तिले इचारा मॅडम, सुंदर होतं का."

तीन वर्षांच्या खोदकामात असा जबडा हा एकच. तो ओला होता, उन्हात तडकला असता. चारुता म्हणाली, सावलीत हळूहळू वाळवायचा आणि मांजर पोचणार नाही असा उंच टांगायचा. स्वच्छ सुती कापड हवं होतं. अण्णाजींनी पेटीतून अर्धं धोतर काढून दिलं. उरलेल्या अर्ध्यात सुलोचनाबाईंच्या अस्थी होत्या. त्या घरात ठेवायच्या नाहीत म्हणून गोठ्यात, आणि मांजर आहे म्हणून उंच खुंटीवर. अशी दोन गाठोडी शेजारी शेजारी लटकली.

मग गुरुवारी अण्णाजींची मोठी बहीण मनकर्णाबाई आली.

"भाऊ, वैनीले काऊन टांगून ठेवलं रे? मोकळी कर न तिले!"

"कापूस निघाला का मंग जातो."

"कापूस निघाला, तूर निघाली, हरभराही निघाला! आता का नदी आटाची वाट पाहून राह्यला?"

तिने स्वतः गोठ्यात जाऊन गाठोडं काढलं, भावाच्या हातात दिलं आणि त्याला नदीच्या घाटाकडे जाणाऱ्या बसमध्ये बसवलं. अण्णाजींचे डोळे भरले होते. कोणत्या खुंटीवरचं, हे त्यांनी पाहिलंच नाही. शनिवारी चारुता आली आणि राहिलेलं गाठोडं घेऊन गेली.

बसमध्ये अण्णाजींनी गाठोडं मांडीवर घेऊन सगळं सांगून टाकलं होतं. तुझी म्हैस विकली. भाकर अजून करपते. तू पाय दाबून मागितला तेव्हा मी खेकसलो, ते माफ कर. नदीवर पिंड ठेवला आणि हात मागे घेईपर्यंत कावळ्याने उचललासुद्धा. दहाव्याला त्याच कावळ्यांनी दोन तास बसवून ठेवलं होतं. अण्णाजींना थोडं लागलंच होतं. एवढी घाई झाली हिला जायची?

आता फोन हातात धरून त्यांना उलगडा झाला. ती सुलोचना नव्हतीच. तीन हजार वर्षांची उपाशी बाई होती. आणि घरातलं सगळं तिला कळलं होतं.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "तुमचा जबडा मी नदीत सोडला. मंत्रासकट."

 पलीकडे चारुता रडू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णाजी, चारुता आणि मनकर्णाबाई वर्धा नदीच्या घाटावर उभे होते. हिरालाल नाववाला बिडी विझवून पुढे आला.

"अस्थी परत काढाच्या? असं कोनी करत नाई बाप्पा. नाव काय बाईचं?"

"माहीत नाई," अण्णाजी म्हणाले.

"तुमच्या कोन लागत होत्या?"

"कोनीच नाई."

"मेल्या कधी?"

"साधारण तीन हजार वर्षं झाली," चारुता म्हणाली.

हिरालालने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मंग एवढी घाई काऊन करून राह्यले?"

पाणी कमरेइतकंच होतं. तासाभराने दोन दगडांच्या सांदीत अडकलेलं गाठोडं हिरालालने वर काढलं. चारुताने गाठ सोडली. जबडा शाबूत, भोक शाबूत. तिने जबडा डब्यात ठेवला, डबा पोटाशी धरला आणि ती खालीच बसली.

मग तिने पिशवीतून दुसरं गाठोडं काढून दोन्ही हातांनी अण्णाजींना दिलं. "पट्टी आत आहे. स्क्रूपण चारही."

मनकर्णाबाईने पदर खोचला. "चाल भाऊ. नदी समोर हाय, नाव हाय, कावळाही येऊन बसला. सोडून दे."

अण्णाजी पाण्यात दोन पावलं गेले आणि थांबले.

"आज वार कोनता?"

"बुधवार. काऊन?"

"बुधवारी घरच्या बाईले वाटेले लावत नाईत."

"अरे, मेलेल्या मानसाले कायचा बुधवार!"

"तिनं जन्मभर पाळला," अण्णाजी म्हणाले आणि पाण्याबाहेर आले.

परतीच्या बसमध्ये त्यांनी गाठोडं मांडीवर घेतलं आणि म्हैस विकल्यापासून सगळं पुन्हा सांगायला सुरुवात केली.

त्यानंतर तीन गुरुवार येऊन गेले. गाठोडं गोठ्यात खुंटीवर आहे. अस्थी सोडायच्या राहिल्या आहेत.