तुले कोनं बोलावलं?

“तुले कोनं बोलावलं बे?”

शेजारच्या गच्चीवरून खणखणीत आवाज आला आणि माझा नवा जावई एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, असा थांबला. बिचारा पहिल्यांदाच संग्रामपूरला आला होता. मी धावत गेले. “तुम्हाला नाही हो! आमचे वानखडे भाऊजी कम्प्युटरशी बोलतात.”

भाऊजी कॉलेजात संगणक शिकवून निवृत्त झाले. आता दुपारी गच्चीवरच्या पत्र्याखाली लॅपटॉप मांडीवर आणि नजर सातपुड्यावर. हाक मारली तरी ऐकू जायचं नाही. एकदा चहा समजून कुंड्यांना घालायचं पाणी प्यायले आणि “साखर कमी हाय” म्हणाले.

“काय शोधता एवढं?” मी विचारलं.

“वहिनी, लिहिलेलं वाचून दाखवनारं सॉफ्टवेअर हाय. फुकट. कोनीबी उघडून पाहावं, दुरुस्त करावं. पन घोळ एका जागी अन् फायली हजारो! कामाले एक फाइल दुसरीले बोलावते, दुसरी तिसरीले. मी एकेकीले विचारून राह्यलो, तुले कोनं बोलावलं?”

“सापडेल का?”

“घाई नोको. आज इथलोक आलो, उद्या पुढं.” आणि पुन्हा डोंगराकडे पाहत बसले. फायलींच्या त्या पसाऱ्यात ते कुठल्या वळणावर उभे असतील, कोण जाणे. चेहरा मात्र निवांत असायचा, परक्या गावात भटकायला निघालेल्या माणसासारखा.

शोधत होते ते सुमनअक्कांसाठी. अक्का त्यांच्या थोरल्या बहीण, मराठीच्या शिक्षिका. भाऊजींनी लग्न केलं नाही. घरात ही दोघंच. काचबिंदूनं अक्कांची नजर गेली, तेव्हा भाऊजींनी हे बोलणारं सॉफ्टवेअर आणलं. पण त्यातल्या बाईला ‘ळ’ येत नव्हता. केळीच्या भावाची बातमी ‘केली’ म्हणून वाचली, तशा अक्का कडाडल्या, “हे बाई शाळेत गेली होती का नाही?”

मशीन पुढची बातमी वाचत म्हणालं, “शाला.”

“बंद कर बे ते!”

महिने गेले. एका दुपारी भाऊजी पायऱ्या उतरता उतरताच ओरडले, “सापडला!” मराठीसाठी कोणीतरी हिंदीचे नियम उचलून ठेवले होते, तिथं ‘ळ’चा ‘ल’ होत होता. भाऊजींनी दुरुस्ती पाठवली. ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या कुठल्या तरी दूरदेशीच्या माणसानं दोन-चार प्रश्न विचारले, मग ती मान्य केली.

नवं सॉफ्टवेअर सुरू झालं त्या दिवशी मी तिथंच होते. मशीन म्हणालं, “शाळा.” मग “केळी.” मग “आभाळ.”

अक्कांनी चाचपडत भावाचा हात शोधला आणि धरून बसल्या.

दुसऱ्या दिवशी अक्का कानात इअरफोन घालून एकट्याच हसत होत्या. नजर गेल्यापासून रोज संध्याकाळी भाऊजी त्यांना पेपर वाचून दाखवायचे. आज ते माझ्या ओसरीसमोर उभे होते, पेपर हातात.

“वहिनी, वाचू का?”

मी सकाळीच सगळा वाचला होता. “वाचा ना,” म्हटलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

ते सावकाश वाचत राहिले. एका ठिकाणी थांबले. “इथं फोटो हाय. नदी हाय, काठावर दोन म्हशी. एक पान्यात उतरून राह्यली.”

फोटो माझ्या डोळ्यांसमोरच होता.

मी डोळे मिटून घेतले. “आणि दुसरी?” मी विचारलं.